पाचव्या चाकाचे नित्यकर्म

मोटारीच्या साऱ्या अंगोपांगांत जे सर्वांत कमी राबते आणि ज्याच्याकडून आपण अपेक्षा मात्र सर्वांत मोठी बाळगतो, असे अंग म्हणजे डिकीच्या तळाशी, जाड आच्छादनाखाली, प्रवासाच्या पेट्या आणि गावाहून आणलेल्या तांदळाच्या पिशव्या यांचे ओझे सोसत आडवे पडलेले पाचवे चाक, म्हणजेच स्टेपनी होय. इंजिनाचे तेल बदलण्याची मुदत आपल्या ध्यानात असते, विम्याच्या नूतनीकरणाचा तगादा विमा कंपनीच लावते, चार चाकांची हवा पेट्रोलपंपावर भरून घेताना आपण खिडकीतून आकडाही सांगतो, पण हवा भरणाऱ्या मुलाने नळी गुंडाळता गुंडाळता "स्टेपनी बघू का, साहेब?" असे विचारलेच, तर सामान उतरविण्याचा कंटाळा येऊन "राहू दे, पुढच्या वेळी बघू" हे उत्तर ज्याच्या तोंडून निघत नाही असा मोटारमालक विरळा. हे उत्तर वरवर पाहता आळसाचे आहे आणि आळसाची मीमांसा करण्यात फारसे स्वारस्य नाही, हे मला मान्य आहे. परंतु जिचा उपयोग कदाचित कधीच होणार नाही, जिची निगा राखली तर त्या निगेचे फळ दिसत नाही आणि न राखली तरी बहुधा काही बिघडत नाही, अशा वस्तूविषयी माणसाला कर्तव्य असते काय, आणि असल्यास त्या कर्तव्याचे बंधन कोठून उत्पन्न होते, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी वेगळ्या निमित्ताने, पण पुष्कळ खोलवर जाऊन चर्चिलेला आहे; आणि त्या चर्चेला स्टेपनीइतका स्वच्छ दृष्टांत मिळणे कठीण.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली पेटंट घेऊन नोंदविली, पण ती व्यवहारात रुजली नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तोच शोध नव्याने लावला, आणि मग मात्र जगाने तो सोडला नाही. प्रारंभीच्या मोटारींना जास्तीचे चाक नसे. खिळा रुतला की चालकाने रस्त्याच्या कडेला बसावे, टायर उतरवावा, ट्यूबला ठिगळ लावावे आणि हातपंपाने हवा भरावी, हा शिरस्ता होता. सबब लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने वेळेचा हिशेब करणेच सोडून दिलेले असे. १९०४ साली वेल्समधील लानेली या गावी स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी आरे नसलेली एक धाव तयार केली, तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढविलेला असे, आणि पंक्चर झालेल्या चाकाला ती बाहेरून आवळून बसविली की गाडी पुढे निघे. त्या रस्त्याचे नाव हिंदुस्थानात आले आणि येथेच वतन मिळाल्यासारखे स्थायिक झाले. या युक्तीचे सारे मर्म "आधीच" या क्रियाविशेषणात होते. रबर आणि लोखंड तर पूर्वीही बरोबर नेता येत असे; डेव्हिस बंधूंनी विकला तो संकटाच्या वेळी करावा लागणारा श्रम संकटापूर्वीच करून ठेवण्याचा बंदोबस्त. ज्या स्टेपनीत हवा नाही ती स्टेपनी या अर्थाने १९०४ पूर्वीच्या काळात परत गेलेली असते.

आणि ती परत जाते ती कोणी काही न करताच. रबर आपल्याला अभेद्य वाटते, पण वायूच्या दृष्टीने ते सच्छिद्र नसले तरी पारगम्य आहे: वायूचे रेणू आतल्या पृष्ठभागात विरघळतात, रबराच्या साखळ्यांतून हळूहळू सरकतात आणि बाहेरच्या बाजूने निसटतात. ट्यूबलेस टायरच्या आत ब्यूटाइल जातीच्या रबराचे जे अस्तर असते ते ही गती मंद करण्यासाठी. थांबविण्यासाठी नव्हे, कारण ती थांबविता येत नाही. नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन लवकर निसटतो, एवढाच काय तो पक्षपात. चांगल्या स्थितीतल्या टायरमधून साधारणतः महिन्याला एक पौंड दाब कमी होतो, आणि हवेचे तपमान दहा अंशांनी उतरले तर त्याखेरीज सुमारे दीड पौंडाचा उतार निराळा पडतो. तेहतीस पौंडांवर भरलेले चाक वर्षभर कोणी विचारले नाही तर विशीच्या घरात येते. तीन वर्षे विचारले नाही तर खंबाटकी घाटात ज्या क्षणी ते बाहेर काढले जाईल त्या क्षणी जॅक, पान्हा आणि चाक अशी तिन्ही साधने हाताशी असूनही मालक निराधार असतो. या नाशाला कोणी कर्ता नाही. खिळा मारणारा नाही, खोडसाळ पोर नाही, व्हॉल्व्हची खोड नाही. वस्तू होती तेथेच होती, कोणी तिला शिवले नाही, आणि न शिवण्यानेच ती गेली.

कर्तव्याकडे वळण्यापूर्वी एक आक्षेप निकालात काढावा लागेल, कारण श्रद्धावान माणूस तो प्रथम उपस्थित करील. जास्तीचे चाक बरोबर बाळगणे हीच मुळी ईश्वरावरील अविश्वासाची कबुली नव्हे काय? भक्ताच्या योगक्षेमाचा भार आपण वाहतो असे आश्वासन भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात दिले असताना डिकीत भार वाहण्याचे प्रयोजन काय? हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाश्रमी ब्राह्मणाचे त्याच्या साठ्यावरून चार प्रकार केले आहेत: कोठारभर धान्य राखणारा, रांजणभर राखणारा, तीन दिवसांपुरते राखणारा, आणि उद्याचीही तरतूद न करणारा, ज्याला तेथे अश्वस्तनिक म्हटले आहे, आणि या चौघांत उत्तरोत्तर श्रेष्ठ मानून मनूने पहिला मान दिला आहे तो या शेवटच्याला, ज्याच्या घरी उद्यासाठी काहीच नाही. बौद्ध विनयाने भिक्षूला तीन चीवरे दिली आणि त्यांहून अधिक वस्त्र हाती आले तर ते दहा दिवसांपलीकडे जवळ ठेवू नये, ठेवल्यास संघापुढे सोडून देऊन दोषाचा उच्चार करावा, असा नियम घातला. जास्तीच्या भिक्षापात्रालाही तीच दहा दिवसांची मुदत. ख्रिस्ताच्या शिकवणुकीत तर दोन्ही बाजू एकाच शुभवर्तमानात सापडतात. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उद्याची चिंता उद्यावर सोपवा असे सांगणारा उपदेशक पंचविसाव्या अध्यायात वराच्या स्वागताला निघालेल्या दहा कुमारिकांची कथा सांगतो, आणि तिच्यात दिव्यांबरोबर जास्तीचे तेल घेऊन निघालेल्या पाच जणींनाच शहाण्या ठरवितो. उरलेल्या पाच जणी तेल विकत आणायला धावतात आणि परत येतात तो दार बंद झालेले असते.

या परस्परविरोधी वचनांचा मेळ घालण्याचे काम टीकाकारांनी भरपूर केले आहे. मला त्यांतून एवढेच दिसते की संग्रह करणे आणि न करणे हे दोन्ही धर्म्य मार्ग आहेत आणि प्रत्येकाची आपापली किंमत आहे. अश्वस्तनिक होण्याची किंमत ही की उद्या उपाशी राहावे लागले तर तक्रार करता येत नाही. कोठार राखण्याची किंमत ही की कोठाराची राखण करावी लागते. ज्याने मोटार घेतली त्याने अश्वस्तनिकाच्या पदवीवरचा दावा केव्हाच सोडलेला असतो, तेव्हा स्टेपनीने त्याच्या वैराग्यात काही उणे पडत नाही. उणेपणा येतो तो निराळ्याच ठिकाणी. चाक ठेवले पण त्यातली हवा राखली नाही, त्या माणसाने वैराग्यही पत्करले नाही आणि तरतूदही केली नाही. दहा-पंधरा किलोंचा परिग्रह तेवढा तो गावोगाव वाहून नेतो आहे, त्यासाठी पेट्रोल जाळतो आहे, आणि त्या परिग्रहापोटी मिळणारी निश्चिंतता मात्र खोटी आहे. आपल्या देशातील धर्मसाधनेची पुष्कळशी स्थिती मनूच्या चौघांबाहेरच्या या पाचव्या प्रकारातच मोडावी अशी मला शंका येते. देवघर आहे, देव आहेत, पण हे विषयांतर झाले.

आता मुख्य प्रश्न. मीमांसकांनी विहित कर्मांची जी वाटणी केली ती शाळकरी वाटावी इतकी परिचित आहे: काही फलाच्या इच्छेने करावयाचे ते काम्य, विशिष्ट प्रसंग उद्भवला असता करावयाचे ते नैमित्तिक, आणि प्रसंग असो वा नसो, इच्छा असो वा नसो, ठरल्या वेळी करावयाचेच ते नित्य. संध्यावंदन नित्य, ग्रहणस्नान नैमित्तिक, पुत्रकामेष्टी काम्य. हीच वाटणी डिकीला लावून पाहिली तर ती चपखल बसते. पंक्चर झाले असता चाक बदलणे हे नैमित्तिक. प्रसंगच हाताला धरून करवून घेतो, त्यात पुण्य ते काय? शुद्ध नायट्रोजन भरून घेणे हे काम्य. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के तोच वायू असताना उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे मोजणाऱ्याच्या मनात काही विशेष फलाची कामना असली पाहिजे. आणि महिन्यातून एकदा आच्छादन उचलून स्टेपनीचा दाब मोजणे हे नित्य. नित्यकर्माचे लक्षण असे सांगतात की ते केल्याने काही प्राप्त होत नाही, पण न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. महिन्याच्या महिन्याला स्टेपनी तपासणाऱ्यालाही काही प्राप्त होत नाही. तो पूर्वी होता तेथेच राहतो. कुमारिल भट्टांनी मोक्षार्थ्याला सांगितले की त्याने काम्य आणि निषिद्ध कर्मांच्या वाटेस जाऊ नये, नित्य आणि नैमित्तिक तेवढी करावीत, आणि तीही प्रत्यवाय टाळण्याच्या हेतूने. म्हणजे साऱ्या नित्याचरणाचा हिशेब त्यांनी जमेच्या बाजूस धरलेलाच नाही, तो केवळ नुकसानीचा बंदोबस्त आहे.

येथे श्रीशंकराचार्यांनी एक बोट ठेवले, आणि ते अगदी वर्मावर. तैत्तिरीयोपनिषदावरील भाष्याच्या प्रारंभीच ते या मतासमोर उभे ठाकतात. न करणे म्हणजे अभाव. दोष म्हणजे भावरूप, काहीतरी उत्पन्न झालेले. अभावातून भाव कसा उत्पन्न होईल? मातीच्या अभावातून घट झालेला कोणी पाहिला आहे काय? तस्मात् नित्यकर्म न करणे हे दोषाचे कारण असू शकत नाही. विहित कर्म न करणारा मनुष्य पतित होतो, असे जे स्मृतिवचन आहे त्याचा आचार्य असा अर्थ लावतात की ते न करणे हे केवळ गमक आहे: पूर्वी साचलेले पाप आता फलोन्मुख झाले आहे हे त्या न करण्यावरून ओळखावे. कारण नव्हे, लक्षण. पोकळ स्टेपनीकडे पाहून गॅरेजमधला अनुभवी मिस्त्री उरलेल्या गाडीचा जो अंदाज बांधतो तो याच न्यायाने. पाचवे चाक असे असेल तर ब्रेकच्या तेलाची आणि कूलंटची कथा काय असेल, हे त्याला निराळे विचारावे लागत नाही.

आचार्यांचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे हे खरे, परंतु मला वाटते की स्टेपनीचा दृष्टांत त्यांच्या काळी उपलब्ध असता तर पूर्वपक्षाला आणखी एक फेरी लढता आली असती. अभावातून भाव उत्पन्न होत नाही हे कबूल. स्टेपनीतली हवा माझ्या न पाहण्यातून जात नाही. ती रबराच्या आणि वायूच्या स्वभावाने जाते, आणि मी पाहिले असते तरी ती गेलीच असती. म्हणजे नाशाचे भावरूप कारण जगात आधीच, अखंड, हजर आहे. माझे नित्यकर्म हे त्या कारणाला दिलेले उत्तर होते. ते उत्तर थांबले तेव्हा नवीन काही उत्पन्न झाले नाही, जुनेच पुढे चालू राहिले. न करणे हा दोषाचा जनक नाही असे आचार्य म्हणतात ते बरोबर, पण त्यावरून न करणे निरुपद्रवी ठरत नाही, कारण ज्या पार्श्वभूमीवर आपण काही करीत नाही ती पार्श्वभूमी स्वतः स्थिर नाही. निष्क्रिय माणूस जगाला आहे तसे ठेवतो, हा समज चुकीचा आहे. जग आहे तसे राहण्यालाच महिन्याला एक पौंड हवा लागते. न्यायशास्त्रात प्रतिबंधकाचा अभाव हाही कार्याला कारण मानणारा पक्ष आहे, आणि उत्तरकालीन वैशेषिकांनी तर अभावाला सातव्या पदार्थाचे स्थान देऊन त्याचा दर्जा कायम केला. ती माणसे शब्दच्छल करीत नव्हती, गळणाऱ्या जगात राहत होती.

याच दर्शनांतला दुसरा एक विचार येथे फार उपयोगी पडतो. वस्तू नाही हे आपल्याला कसे कळते? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, अनुपलब्धी या स्वतंत्र प्रमाणाने: जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही. पण लागलीच ते एक अट घालतात. न दिसणे हे प्रमाण तेव्हाच, जेव्हा वस्तू असती तर दिसली असती अशी परिस्थिती असेल. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही याने घटाचा अभाव सिद्ध होत नाही. स्टेपनीच्या बाबतीत आपली सारी खातरजमा या अटीच्या भंगावर उभी असते. जमिनीवरच्या चाकात हवा कमी झाली तर त्याचे पोट रस्त्याला टेकल्यासारखे फुगते आणि रस्त्याने जाणारा अनोळखी मनुष्यही हात करून सांगतो, कारण त्या चाकावर गाडीचा भार असतो. स्टेपनीवर भारच नाही. पंधरा पौंडांवरही ती तेहतीस पौंडांइतकीच गोल दिसते, अंगठ्याने दाबली तर घट्टच लागते, पान्ह्याने ठोकली तर आवाजातला फरक भल्याभल्यांना कळत नाही. तेव्हा "परवाच पाहिली, ठीक होती" हे वाक्य प्रामाणिक असूनही अप्रमाण आहे. जो अद्याप भाराखाली आलेला नाही त्याचे बळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्याला मापक लावावा लागतो. आपल्या संयमाविषयी, क्षमेविषयी, मृत्यूला सामोरे जाण्याच्या तयारीविषयी आपण जी विधाने करतो, तीही बहुतांशी अशाच निर्भार अवस्थेत केलेली असतात, आणि त्यांचा मापक कोणता, याचे उत्तर देणारा साधक मला अजून वाचनात भेटलेला नाही. उपवास हा तसा एक मापक असावा. निदान पूर्वी तो तसा असावा.

आधुनिक यंत्रांनीही ही अडचण सोडविलेली नाही. अलीकडच्या मोटारींत चाकांतला दाब उतरला की समोरच्या तबकडीवर दिवा लागतो. यांतील एका पद्धतीत दाब प्रत्यक्ष मोजलाच जात नाही. हवा कमी झालेले चाक किंचित लहान त्रिज्येने फिरते, म्हणून इतरांपेक्षा अधिक फेरे घेते, आणि त्या फेऱ्यांवरून अनुमान काढले जाते. जे फिरतच नाही त्याचे अनुमान कशावरून काढणार? लिंगच, म्हणजे अनुमानाची खूणच, नाही तर अनुमिती नाही. दुसऱ्या पद्धतीत चाकाच्या आत मापक बसविलेला असतो, परंतु बहुतेक गाड्यांत पाचव्या चाकाला तो मान मिळत नाही. तेव्हा तबकडीवरचा दिवा विझलेला आहे याचा अर्थ चार चाकांपुरताच घ्यावयाचा असतो, आणि आपण तो पाचांचा घेतो.

धर्माचारानेही पाचव्या चाकाची उपेक्षाच केली आहे. नवी गाडी दारात आली की चार चाकांखाली चार लिंबे ठेवून ती चिरडत गाडी पुढे काढतात. पाचवे लिंबू कोणी आणीत नाही. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकांना हळदकुंकवाची बोटे लागतात, खंडेनवमीला गॅरेजमधल्या जॅक-पान्ह्यांची पूजाही होते, पण ज्यांच्या गाडीच्या पाठीवरच ते चाक टांगलेले असते असे जीपवाले सोडले तर स्टेपनीच्या वाट्याला अक्षता येत नाहीत. निदान दसऱ्याला तरी डिकी रिकामी करून तिची हवा पाहावी, असे सुचविण्याचा मोह होतो. पण तसे केले तर नित्याचे नैमित्तिक होईल, आणि एका दसऱ्यापासून दुसऱ्या दसऱ्यापर्यंत डझनभर पौंड उतरलेलेच असतील. सणाने वस्तूचे स्मरण होते. तिची राखण होत नाही.

या ठिकाणी भक्तिमार्गी वाचक मला अडवील आणि अजामिळाचे नाव घेईल, आणि त्याने ते घ्यावेच. भागवताच्या सहाव्या स्कंधातला हा ब्राह्मण आयुष्यभर आचारभ्रष्ट राहिला, नित्य-नैमित्तिक सारे टाकून बसला, आणि मरणसमयी यमदूतांना पाहून भयाने त्याने आपल्या धाकट्या मुलाला हाक मारली. त्या मुलाचे नाव नारायण होते एवढ्या आधारावर विष्णुदूत धावून आले. वर्षानुवर्षे न पाहिलेली स्टेपनी काढावी आणि ती दगडासारखी टणक निघावी, असाच हा प्रकार. उलट पाचव्या स्कंधातला राजर्षी भरत राज्य सोडून अरण्यात गेला, दीर्घकाळ साधना केली, आणि एका अनाथ हरिणपाडसाच्या मायेत गुंतून अंतकाळी त्याचेच चिंतन करीत मृगयोनीला गेला. एकाची आयुष्यभराची उपेक्षा एका हाकेने भरून निघाली आणि दुसऱ्याचा आयुष्यभराचा संचय थोड्या दिवसांच्या अनवधानाने उतरला. एकाच ग्रंथात, लागोपाठच्या स्कंधांत, या दोन कथा ठेवणाऱ्याला विसंगती दिसली नसेल असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान करणे होय.

मला या दोहोंचा निर्वाह असा वाटतो की त्या कथा दोन वेगवेगळ्या माणसांना उद्देशून आहेत. अजामिळाची कथा घाटात उभ्या असलेल्या माणसासाठी आहे: अंधार पडला आहे, चाक पोकळ निघाले आहे, आता मागचा हिशेब उगाळून उपयोग नाही, हाक मार. भरताची कथा घरी, दिवसाउजेडी, मापक हाती असलेल्या माणसासाठी आहे: पुष्कळ भरले होतेस म्हणून आता पाहण्याची गरज नाही असे समजू नकोस. पहिल्याला भरताची कथा सांगणे ही क्रूरता, आणि दुसऱ्याला अजामिळाची सांगणे हा घात. कीर्तनकारांचा प्रमाद बहुधा असा होतो की सभेत बसलेले सगळेच घरून जेवून आलेले असताना कथा अजामिळाची लागते, कारण ती रंगते. शिवाय तिचा उत्तरार्ध गाळला जातो. यमदूतांच्या पाशातून सुटलेला अजामिळ त्याच दिवशी वैकुंठाला गेला नाही. त्याला पश्चात्ताप झाला, तो घर सोडून गंगाद्वारी, म्हणजे हरिद्वारी, गेला आणि तेथे इंद्रियनिग्रहपूर्वक योग साधून मग त्याने देह ठेवला. कृपेने चाक एकदा भरून मिळाले, पण पुढची राखण त्याची त्याला करावी लागली.

राहता राहिला प्रश्न बंधनाचा. स्टेपनी तपासण्याचे कर्तव्य कोणाप्रत? चाकाप्रत नाही, ते जड आहे. स्वतःप्रत म्हणावे तर स्वतःला दिलेली सूट स्वतःच मंजूर करता येते. मला वाटते याचे उत्तर त्या चाकाच्या भावी भोक्त्यात आहे. ज्या रात्री ती डिकी उघडली जाईल त्या रात्री गाडी बहुधा दुसऱ्याच्या हाती असेल: मुलगी मित्रमैत्रिणींना घेऊन कोकणात निघाली असेल, शेजाऱ्याने दवाखान्यात जायला किल्ली मागून नेली असेल, किंवा गाडी विकली जाऊन तिसऱ्याच गृहस्थाच्या नावावर चढली असेल. त्या माणसाने चाक आहे एवढे पाहून भरवसा टाकलेला असतो. डिकीत चाक ठेवणे म्हणजे त्याच्यापुढे एक दस्तऐवज ठेवणे, आणि त्या दस्तऐवजाखाली हवा हीच सही. मीमांसक नित्यकर्माचा उगम वेदाज्ञेत शोधतात, आणि दुसरी एक परंपरा तोच उगम ऋणांत शोधते: देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण जन्मतःच माथ्यावर असते म्हणून ते रोज थोडे थोडे फेडायचे. ती सारी ऋणे मागे गेलेल्यांची आहेत. पुढे येणाऱ्या अज्ञाताचे ऋण त्या यादीत स्वतंत्र कलम म्हणून असते तर बरे झाले असते असे मला कधी कधी वाटते. पितृऋण संततीच्या द्वारे फेडायचे असते यात त्याचा अंश आहे, परंतु ती संतती आपली असते, आणि घाटात उभा असलेला माणूस कोणाचाही असू शकतो.

शेवटी व्यवहाराचे दोन शब्द, कारण कर्माची चर्चा करून त्याचा विधी न सांगणे हे मीमांसेच्या शिस्तीला सोडून होईल. पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पत्रकात पूर्ण भारासाठी दिलेला जो सर्वांत मोठा आकडा, तो किंवा त्याहून दोन-तीन पौंड अधिक भरून ठेवावी, टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा न ओलांडता; कारण रस्त्याच्या कडेला जास्तीची हवा सोडता येते, कमी पडलेली आणता येत नाही. अरुंद, तात्पुरत्या जातीची स्टेपनी असेल तर तिला बहुधा साठ पौंड लागतात, आणि ती चढविल्यावर ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर जायचे नसते. बाकीच्या चाकांचा आकडा सवयीने तिलाही सांगणारे तिला अर्ध्यावर ठेवतात. दाब गाडी थंड असताना मोजावा. आणि रबर न वापरताही म्हातारे होते, म्हणून कडेवरचे ते चार अंक वाचावेत ज्यांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष दिलेले असते. दहा वर्षांपूर्वीचे चाक हवेने टणक असले तरी विश्वासाला पात्र नाही.

२०२० सालच्या जुलैत केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून साडेतीन टनांपर्यंतच्या लहान प्रवासी गाड्यांना, दाबमापक यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर, स्टेपनी बाळगण्यातून सूट दिली. त्या गाड्यांत पाचव्या चाकाच्या जागी एक लहानसा हवेचा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. मालकांना वाटते की आपण या नित्यकर्मातून सुटलो. परंतु तो द्रवही कालांतराने निकामी होतो, आणि बाटलीवर त्याची मुदत छापलेली असते. मीमांसकांपुढे त्यामुळे एक नवी शंका उभी राहते: मुदत संपणे हे निमित्त धरले तर बाटली बदलणे नैमित्तिक ठरेल, आणि त्या तारखेपर्यंत आपण मोकळे, पण ती तारीख कोणती हे जाणून असणे, हे कोणत्या वर्गात घालायचे? माझा कौल नित्याच्या बाजूने आहे. ज्यांचा विरुद्ध असेल त्यांनी आधी आपल्या बाटलीवरची तारीख वाचून यावे, मग वाद करू.